कोणत्या हाताचा रक्तदाब खरा?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरात बसा, नाहीतर सयाजी इस्पितळाच्या प्रसूतिविभागाबाहेरच्या बाकावर; सिझेरियनचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “कमरेत सुई नको, जन्मभर कंबर धरते. पूर्ण भूल द्या.” समोरून तितकंच ठाम उत्तर येतं: सिझेरियन म्हणजे स्पायनल, त्यात विचार कसला?

बाईला ताकायासूचा धमनीदाह असेल, तर दोघांचंही चुकतं.

मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने 1908 साली एका 21 वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण नोंदवली. पुढे कळलं की दुखणं डोळ्याचं नव्हेच. महाधमनीची आणि तिच्या फांद्यांची भिंत सुजते, जाडावते, वाट अरुंद होते. कुठे उलट फुगाही येतो. रुग्ण बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायका, म्हणजे ऐन बाळंतपणाच्या वयाच्या. भारतात मूत्रपिंडाची धमनी आवळून रक्तदाब चढलेल्या पुष्कळ. आणि खांद्याकडची धमनी आवळली असेल, तर त्याच बाईच्या दंडाला पट्टा बांधल्यावर यंत्र म्हणतं, “बीपी लो आहे.” धडधडीत खोटं! मांडीवर मोजा, खरा आकडा तिथे सापडू शकतो. दोन हातांच्या रक्तदाबात 10 हून अधिक फरक, हा 1990 च्या अमेरिकन निकषांतला एक निकषच आहे.

आता पूर्ण भूल. नळी घशात जाताना रक्तदाब उसळतो. फुगलेल्या धमनीला आणि मेंदूला तो धक्का परवडत नाही. नळीसाठी मान मागे ताणली की मानेतल्या आधीच अरुंद धमन्यांचा प्रवाह आणखी घटू शकतो, आणि झोपलेली बाई ‘अंधारी येतेय’ असं सांगू शकत नाही. (कंबर धरण्याचं म्हणाल, तर कायमच्या कंबरदुखीचा दोष सुईवर टाकायला पुरावा नाही. गरोदरपणच कंबर पुरेशी वाकवतं.)

पण एका दमात दिलेलं भरपूर मात्रेचं स्पायनलही तारक नव्हे. काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो, आणि अरुंद वाटेने मेंदूकडे जाणारं रक्त दाबाच्याच जोरावर पोचत असतं.

माझा कौल कमरेतल्या बारीक नळीला, एपिड्युरलला. औषध थोडं थोडं देता येतं, दाब हळू उतरतो, सावरायला अवधी मिळतो. बाई जागी राहते, बोलते. मेंदूची खबर देणारं याहून चांगलं यंत्र नाही. ‘वेळ लागतो’ हा आक्षेप खरा आहे, म्हणून तर तयारी आधी हवी. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं नुकतीच दिलेली असतील, किंवा बाळाचे ठोके घसरून मिनिटं मोजायची वेळ आली, तर पूर्ण भूलच द्यावी लागेल. तिथे मी हट्ट धरणार नाही. मात्र बाळंतपणानंतर गर्भाशय आवळायला सवयीने दिलं जाणारं मेथर्जिन टाळावं, यावर तडजोड नको. ते रक्तदाब एकदम चढवतं.

तुमच्या घरात अशी लेक-सून असेल, तर सातव्या-आठव्या महिन्यातच तिला भूलतज्ज्ञाकडे न्या. अँजिओग्राफीचे जुने कागद आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर असू द्या, आणि दोन्ही हात, दोन्ही पाय, चारही ठिकाणी रक्तदाब मोजून कागदावर लिहून घ्या.