किल्ली की कीली?

'मुलगा बेंगळुरूला कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढे सांगून आपल्याकडचे आईवडील थांबतात. कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नेमके काय करतो, असे कोणी विचारलेच तर 'ते आपल्याला कुठे कळणार!' म्हणून विषय चहापाण्याकडे वळतो. मला हे पटत नाही. त्या क्षेत्रातले अतिशय अवघड समजले जाणारे एक काम आज मुद्दाम निवडले आहे. चिटगुप्प्यातल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला ते समजेल.

फोन असो की बँकेतला संगणक, त्याच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो. त्याला कर्नल म्हणतात. कोणत्या कामाला किती जागा द्यायची, कोणाचे काम आधी करायचे, हे तो ठरवतो. अँड्रॉइड फोनमधला कारभारी लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली तो लिहायला घेतला. आता साध्या फोनमध्येही आठ-आठ प्रोसेसर असतात आणि ते एकाच वेळी या कारभाऱ्याच्या वह्या उघडतात. अडचण येथून सुरू होते.

समजा, एका दुकानात दोघे भाऊ बसतात आणि उधारीची वही एकच आहे. एका गिऱ्हाइकाची बाकी 500 रुपये. थोरल्याने आकडा पाहिला, धाकट्यानेही त्याच क्षणी पाहिला. थोरल्याने 200 मिळवून 700 लिहिले. धाकट्याने आपल्या डोक्यातल्या 500 मध्ये 300 मिळवून त्यावर 800 लिहिले. खरी बाकी 1000. दोनशे रुपये गेले, आणि चोरी कोणीच केली नाही. बेरीजही दोघांची बरोबर होती. असा घोटाळा रोज होत नाही, दोघांची वेळ नेमकी जुळली तरच होतो. म्हणून तपासणीत तो सापडत नाही आणि ऐन गर्दीत दगा देतो.

हा केवळ पुस्तकी धोका नाही. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. ओहायोतल्या वीज नियंत्रण कक्षातील इशारा देणारी यंत्रणा त्या दुपारी गप्प झाली होती. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीत लिहायला गेल्याने ती अडकल्याचे पुढे तपासात निघाले. तारा झाडांना लागून बंद पडत होत्या आणि कक्षातल्या माणसांना पत्ता नव्हता. खुद्द लिनक्समध्ये 2007 पासून असाच एक दोष लपून होता. तो 2016 साली उघडकीस आला. त्या फटीतून साधा वापरकर्ता सगळ्या यंत्राचा मालक होऊ शकत होता. अँड्रॉइड फोनही त्यातून सुटले नव्हते.

उपाय जुना आहे आणि तो रेल्वेकडून आला. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी चालकाला एक गोळा दिला जाई. कडीला लावलेल्या चामडी पिशवीतला तो गोळा मोठ्या माणसांना आठवत असेल. गोळा हातात नाही तर गाडी पुढे नाही. नेदरलँड्सचे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकात हीच युक्ती संगणकात आणली आणि तिला रेल्वेच्या हात-सिग्नलचे, म्हणजे सेमाफोरचे नाव दिले. घेणे आणि सोडणे या दोन क्रियांना त्यांनी आपल्या मातृभाषेतली, डच शब्दांची आद्याक्षरे दिली: 'पी' आणि 'व्ही'. जगभरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ती आजही आहेत. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे कौतुक वाटायला हरकत नाही.

पण कुलूप मिळाले म्हणून प्रश्न सुटत नाही. ते लावायचे आणि काढायचे कोणी लक्षात ठेवायचे? कर्नल हजारो हातांनी लिहिला जातो. म्हणून जाणती माणसे हेल्पर फंक्शन लिहितात. कुलूप लावणे, काम करणे, कुलूप काढणे ही शिस्त एकाच ठिकाणी बांधून दिलेली, इतरांनी फक्त हाक मारायची. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन लिनक्सकाराने 2008 साली अशा साधनांची प्रतवारीच लावली होती. वापरायला सोपे असणे पुरेसे नाही, चुकीचे वापरणे अवघड असले पाहिजे, हा त्याचा गाभा.

पहिली गोष्ट नावाची. मराठीत किल्ली म्हणजे कुलूप उघडायची वस्तू. कन्नडमध्ये 'कीली हाकु' म्हणजे कुलूप लाव, आणि किल्लीला 'कीलीकै'. आपल्या घरांत नवी सून दुसऱ्या भाषेतली असली की यावरून हमखास हशा होतो. कर्नलमध्ये असा गोंधळ हसण्यावारी जात नाही. लिनक्समध्ये सेमाफोर घेण्याला 'डाऊन' आणि सोडण्याला 'अप' म्हणत. खाली म्हणजे लावले की काढले, हे नवख्याने कसे ओळखावे? 2006 साली 'म्युटेक्स' आले. त्यात सरळ 'लॉक' आणि 'अनलॉक' अशी नावे आहेत, आणि ज्याने लावले त्यानेच काढायचे असा नियमही.

दुसरी गोष्ट जोडीची. काम मध्येच बिघडले की माणूस मागच्या दाराने बाहेर पडतो आणि कुलूप तसेच राहते. मग बाकीचे सारे दाराबाहेर तिष्ठत. 2023 साली लिनक्समध्ये 'गार्ड' नावाची सोय आली. काम कोणत्याही वाटेने संपो, त्या भागातून बाहेर पडताना कुलूप आपोआप निघते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. उन्हाळ्यात नळाला पाणी केव्हा येईल याचा नेम नसतो. तुम्ही नळ पाहिला, पाणी नव्हते, म्हणून झोपायला निघालात. नळ ते अंथरूण या चार पावलांत शेजारीण ओरडली, 'पाणी आलं!' झोपलेल्यांना उठवणे तिचे काम. तुम्ही अजून झोपलाच नव्हता, म्हणून तुम्हाला तिने उठवले नाही. मग तुम्ही झोपलात, ते झोपलातच. लिनक्समधल्या 'स्लीप ऑन' या जुन्या फंक्शनमध्ये नेमकी हीच फट होती. ते 2014 साली काढून टाकले. 'वेट इव्हेंट' हे फंक्शन आधी शेजारणीकडे नाव नोंदवते, मग नळ पाहते, मगच झोपते, आणि उठल्यावर पुन्हा एकदा नळ पाहते. ही चार पावले प्रत्येकाने आपापल्या आठवणीने टाकावीत असे म्हटले तर कोणीतरी एक गाळणारच.

सगळ्या घराला एकच मोठे कुलूप लावणे हा सोपा मार्ग लिनक्सनेही 1996 साली धरला होता. एक प्रोसेसर आत, बाकीचे ओसरीवर. ते कुलूप काढून लहान लहान कुलपे बसवायला 2011 साल उजाडले. काही ठिकाणी तर वाचणाऱ्याला कुलूपच लागत नाही. अडतीवर भावाची नवी पाटी टांगायची, पण जुनी वाचत असलेल्यांचे वाचून होईपर्यंत ती पुसायची नाही, असा तो प्रकार. त्याचे नाव आरसीयू. ऑक्टोबर 2002 मध्ये तो लिनक्समध्ये आला, आणि त्या कामात आयबीएमच्या भारतातल्या प्रयोगशाळेतील दीपांकर सर्मा यांचा मोठा वाटा होता.

बीदर-भालकीच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. लिनक्स सगळा उघडा आहे, फुकट वाचता येतो, आणि कुलपांवरची माहिती त्याच्याच कागदपत्रांत आहे. आणि आईवडील हो, पुढच्या सुट्टीत मुलगी घरी आली की 'पगार किती?' नंतर एवढे जरूर विचारा, 'तुमच्याकडे वही एकाच वेळी दोघांनी उघडली तर काय करता गं?' जेवण थंड होईपर्यंत ती सांगत बसेल.