रक्ताच्या नावावर किती खपवायचे?

लालबर्रा परिसरातील आपल्या जुन्या मराठी घराण्यांना वंशावळीचा अभिमान आहे, आणि तो असावाही. परंतु पंचविशीतल्या मुलाचे पोट सुटले की तीच वंशावळ ढालीसारखी पुढे केली जाते : ‘आमच्या रक्तातच आहे!’ हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण तो अर्धाच खरा आहे.

एफटीओ या जनुकातील भेदाचा वजनाशी असलेला संबंध २००७ साली उघड झाला. युरोपीय वंशाच्या ज्या प्रौढांना हा भेद आईबाप दोघांकडून मिळालेला होता, त्यांचे वजन तो मुळीच नसलेल्यांहून सरासरी सुमारे ३ किलोंनी अधिक भरले. तीन किलो! उरलेले पंधरा कोणाच्या खात्यावर मांडायचे? असे शेकडो भेद आज ठाऊक आहेत, आणि एकच जेवण दोन भावांच्या अंगी सारखे लागत नाही हेही खरे; तेव्हा तरुणांना ‘खादाड’ म्हणून हिणवणेही अन्यायाचेच. पण हे भेद आजोबांच्या रक्तातही होते. दोन पिढ्यांत रक्त पालटत नसते. पालटले ते आपले चालणे, राबणे आणि ताट.

आता सडपातळांविषयी, कारण खरा घोटाळा तेथेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अंगातील चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ते ३.५ होते. आपल्या बाळांत कमतरता होती ती मांसल भागाची. चरबी तितकीशी कमी नव्हती. ज्या गर्भवतींच्या आहारात पालेभाज्या, दूध, फळे अधिक वेळा होती, त्यांची बाळे आकाराने मोठी निपजली.

म्हणजे ज्या घरात गर्भवती सुनेचे पान सर्वांत शेवटी मांडले जाते, ते घर नातवाच्या देहाचे भवितव्य स्वतःच्या हाताने लिहीत असते, आणि वीस वर्षांनी त्यालाच ‘रक्त’ म्हणते. सोयरीक जुळवताना गोत्र, कुळी, पत्रिका सारे तपासणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी एकदा शिंप्याची फीतही हाती घ्यावी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांपुढे, स्त्रीची ८० पुढे गेली, की काटा काहीही सांगो, रक्तातील साखर तपासून घ्यावी.