हुबळीचे दोन धडे

दहशतवादाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते. हुबळी-धारवाडचे नाव सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः संघटित घातपाताचे स्वरूप समजून घ्यायचे, तर या जोडशहराइतका बोलका दाखला क्वचितच सापडेल. लोंढ्यावरून वास्कोला उतरणारी आगगाडी ज्या शहराशी आपल्याला जोडते, त्याच्या अनुभवाकडे किनारपट्टीने पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही.

८ जून २००० रोजी, एकाच दिवशी, आंध्रातील ओंगोल व ताडेपल्लीगुडम, कर्नाटकातील वाडी आणि गोव्यातील वास्को येथील ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत स्फोट झाले. बरोबर महिन्याने, ८ जुलैला, हुबळीचे लुथेरन चर्च हादरले. दुसऱ्या दिवशी बंगळूरमधील चर्च. संशयाचे बोट हिंदुत्ववादी संघटनांकडे वळले. परंतु ९ जुलैच्याच रात्री बंगळुरात स्फोटके नेणारी मोटार वाटेतच उडाली, आतले दोघे ठार झाले आणि ‘दीनदार अंजुमन’ या पंथातील मंडळींचे कारस्थान उघडकीस आले. समाजासमाजांत वैर पेटवणे हाच त्यांचा हेतू होता.

पुढे १० मे २००८ रोजी, विधानसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा चालू असताना, हुबळीच्या न्यायालयात स्फोट झाला. सुटीचा दिवस म्हणून जीवितहानी टळली. या वेळी संशय ‘सिमी’वर गेला, जानेवारी २००९ मध्ये पोलिसांनी पकडली ती मात्र हिंदू तरुणांची टोळी. एकाच शहराने आठ वर्षांत दोनदा दाखवून दिले, की स्फोटानंतरचा पहिला संशय हा पुरावा नव्हे. गुन्हेगाराला जे वैर हवे असते, ते आपण घाईने त्याच्या पदरात टाकतो. हा पहिला धडा.

दुसरा धडा तपासाचा. २००० साली तीन राज्यांत पसरलेल्या कटाचा धागा जुळला, तो एका अपघाताने. राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला २००८ च्या अखेरीस, मुंबईत १६६ निरपराधांचे बळी गेल्यावर! त्याच २००८ साली हुबळीत गाजलेल्या ‘सिमी’ खटल्यातील १७ आरोपींना तेथील न्यायालयाने २०१५ मध्ये निर्दोष सोडले. ते निरपराध असतील, तर त्यांची वर्षे कोणी भरून द्यायची? आणि अपराधी असतील, तर नागरिकांचे रक्षण झाले कोठे? न्यायालयात न टिकणारा तपास दोन्ही बाजूंनी घातकच.

नव्या यंत्रणा, नवी शस्त्रे अवश्य हवीत. पण मुंबईत विशेष कमांडो हरियाणातून येऊन पोहोचेपर्यंत रात्र उलटली होती. तोवर गिरगाव चौपाटीवर कसाबला मिठी मारून जिवंत धरला तो तुकाराम ओंबळे यांनी, हातात केवळ लाठी घेऊन. ते दहा हल्लेखोर आले होते समुद्रातून, मच्छीमारी नौका बळकावून. म्हणजे पहिला पहारा ठाण्यातल्या शिपायाचा आणि समुद्रावरच्या मच्छीमाराचा. शिपायाला साधने व शिक्षण द्यावे, मच्छीमाराची खबर अदबीने ऐकावी, शेजारच्या राज्याचे पत्र टेबलावर पडू देऊ नये. यात अशक्य काहीच नाही. आणि आपण नागरिकांनी? तपास पुरा होईतो जीभ आवरावी. बॉम्बने पडलेली भिंत पुन्हा बांधता येते. संशयाने दुभंगलेला शेजार सांधायला पिढी जाते.