पटावरून : अर्धा गुण

मंडळी, बुद्धिबळात बरोबरी म्हटली की आपल्या घरांतून थोडी निराशाच होते. "जिंकला नाहीस का?" हा पहिला प्रश्न. म्हणून या अंकात आमचाच बरोबरीत सुटलेला एक डाव सांगतो.

शनिवार-रविवारची क्लबाची स्पर्धा, शेवटची फेरी, दोघांचंही रेटिंग पंधराशेच्या आसपास. तीन तासांनी पटावर राजांखेरीज उरलं ते असं : समोरच्या गृहस्थांकडे, म्हणजे पांढऱ्याकडे, उंट आणि जी व एच पट्टीतली दोन प्यादी; आमच्याकडे नुसता घोडा. अशा वेळी क्लबातले पुष्कळ जण डाव सोडून मोकळे होतात. पण त्यांचा उंट पांढऱ्या घरांतून फिरणारा, आणि एच प्याद्याचा वजीर व्हायचा ते एच ८ हे घर काळं! तिथे तो उंट कधीच मारा करू शकत नाही. जी प्यादं पुढे सरकताच आम्ही घोडा देऊन ते खाल्लं आणि राजा कोपऱ्यात नेऊन बसवला.

घरी पट मांडून बघा. पांढरा राजा जी ६, उंट ई ६, प्यादं एच ६. काळा राजा एच ८. खेळी काळ्याची असेल तर त्याला हलायला घरच नाही, आणि शहही नाही. झाली कोंडी, डाव बरोबरीत. खेळी पांढऱ्याची असेल आणि त्यानं प्यादं रेटलं, तरी पुन्हा कोंडीच. उंट हलवून वाट मोकळी करावी, तर राजा जी ८ वर जातो आणि शह बसला की परत कोपऱ्यात येतो.

असं घोळत राहिलं तर नियम मदतीला आहेत. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा दोघांच्याही ५० खेळ्यांत प्यादं हललं नाही आणि मारामारी झाली नाही, तर बरोबरी मागता येते. आपल्या खेळीनं ती स्थिती येणार असेल तर खेळी पटावर करायची नाही. आधी कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं.

बरोबरी मोठ्यांनाही चुकत नाही. २०१८ साली लंडनला कार्लसन आणि कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत नेहमीच्या वेळेचे १२ च्या १२ डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत.

तेव्हा वरची स्थिती मांडा, मुलांना काळा राजा द्या आणि जिंकून दाखवा बघू! पुढच्या अंकात हत्तींचे अंतिम डाव.