कडेची खाच

हुपरीत आमची आटणी होती. मुशीत चांदी घालायची, टंच काढायचा, पैंजणवाल्यांना द्यायची. चाळीस वर्षं हेच केलं. एकदा एक आजी पदराच्या गाठीत अकरा रुपये बांधून आली. नातीला वाळे करायचे होते. "समदं राणीछाप हाय बग," म्हणाली.

रुपया जुना असो की नंतरचा, वजन एकच: एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यामुळे काट्याला काही कळलं नाही. मला कळलं कडेवरून. चार रुपयांच्या कडेला सरळ रेघा. उरलेल्या सातांच्या रेघांमधून बारीक खाच फिरलेली. त्यांवर राणी नव्हतीच, सहावा जॉर्ज होता. साल १९४० नंतरचं.

युद्धात लोक चांदीचे रुपये दडवू लागले, चांदी पुरेना. तेव्हा सरकारनं ९१.७ टक्क्यांचा रुपया ५० टक्क्यांवर आणला. बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. खाच पाडली ती नकली नाणी पाडणाऱ्यांना रोखायला. आम्हा आटणीवाल्यांना तीच खूण झाली. पुढे अमेरिकेची उधारीची चांदी फेडायला सरकारनं हेच रुपये गाळून चांदी काढली.

अकरा राणीछापांतून झीज सोडली तरी ११७ ग्रॅम चांदी निघायला हवी. निघणार होती ८३. सांगितलं, तर आजी म्हणाली, "लेका, माझं रुपयं बदललंस काय रं?" माझ्या बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक ते. सात रुपये तसेच परत केले. तिचा विश्वास बसला की नाही, देव जाणे.

आता मुद्द्यावर येतो. २०२३ मध्ये नव्या संसदेसाठी ७५ रुपयांचं नाणं निघालं. ३५ ग्रॅम वजन, आणि मिश्रण अगदी तेच १९४० चं: ५०, ४०, ५, ५. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. हे राजपत्रात आहे, लपवलेलं नाही. पण नाण्यावर नाही. उद्या हे नाणं कुणाच्या तरी नातवाच्या हाती लागेल, तेव्हा त्याच्याबरोबर राजपत्र थोडंच असणार? सराफाला २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क सक्तीचा. मग टांकसाळीला सूट कशाला? १९४० साली कडेवर खाच पाडता आली, तर आज तिथंच '५०' हा आकडा पाडायला काय अडतं?