फुलांचा श्वास कोंडू नये

फूल झाडावरून उतरले म्हणजे ते निर्जीव झाले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तोडलेले फूल श्वसन करीतच असते. हवेतील प्राणवायू घेऊन ते पाकळ्यांतील शर्करा खर्ची घालते व उष्णता बाहेर टाकते. झाडाकडून मिळणारा पुरवठा तुटलेला असल्यामुळे हा साठा सरत जातो आणि फूल म्हातारे होते.

वेंगुर्ले तालुक्यातील आरवली, आसोली या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरंगीचा हंगाम येतो. पहाटे कळ्या काढणे, वळेसर गुंफणे व बाजार गाठणे ही कामे काही तासांत उरकावी लागतात. दुपारी वळेसर मलूल झाला की भाव पडतो, आणि तोटा गुंफणाऱ्या स्त्रीच्या पदरी येतो.

ताजेपणा टिकावा म्हणून अनेक जण फुले प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतात. त्यामागील विचार अगदीच निराधार नाही. पिशवीत ओलावा राहतो. शिवाय प्राणवायू कमी झाला की श्वसन मंदावते व फुलांना लवकर कोमेजविणारा एथिलीन वायूही कमी तयार होतो. याच तत्त्वावर शीतगृहांत सफरचंदांभोवतीचा प्राणवायू २१ टक्क्यांवरून अवघ्या काही टक्क्यांवर आणतात. परंतु तेथे थंडावा असतो व मोजमापाची यंत्रे असतात. उन्हात ठेवलेल्या बंद पिशवीत प्राणवायू पार संपू शकतो. मग फुले आंबू लागतात, सुगंध बिघडतो व पाकळ्या काळवंडतात.

म्हणून गावपातळीवर प्राणवायू कोंडण्यापेक्षा उष्णता कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. फुले सावलीत, केळीच्या पानात सैल गुंडाळून, वर पिळलेले ओले फडके टाकून न्यावीत. पिशवीच वापरायची झाल्यास तिला छिद्रे पाडावीत. पिकलेले आंबे व केळी एथिलीन सोडतात. म्हणून ती फुलांच्या टोपलीत ठेवू नयेत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हे केवळ सांगून थांबू नये. एकाच झाडाच्या कळ्यांचे दोन भाग करावेत. एक बंद पिशवीत, दुसरा केळीच्या पानात ठेवावा आणि दुपारी दोन्ही सोडून दाखवावेत. डोळ्यांनी पाहिलेले व नाकाने पारखलेले शेतकरी विसरत नाही.