चार महिने गेले कुठे?

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. ‘अरे, येतोयस की नाही? सहा महिने झाले.’ मी लगेच म्हटलं, ‘काहीतरीच काय बाबा! दोन महिन्यांपूर्वीच तर येऊन गेलो.’ फोन ठेवला आणि मोबाइलमधले फोटो चाळले. बाबा बरोबर होते. पुण्याहून सातारा ते केवढं, आणि मी सहा महिने फिरकलो नव्हतो!

मग मधले चार महिने गेले कुठे? आठवायला बसलो तर काही सापडेचना. कंपनीची बस, हिंजवडीचा ट्रॅफिक, मीटिंग, डबा, परत ट्रॅफिक. बसमध्ये एकेक मिनिट जाता जात नाही, महिने मात्र सुर्रकन जातात. गंमतच आहे ना?

मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने एकटा राहिला. अंधार, थंडी आणि आजच्यासारखाच उद्या. १४ सप्टेंबरला त्याला प्रयोग संपल्याचं कळवलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता. पठ्ठ्याचे २५ दिवस गायब! माझे तर चार महिने गेले, तेही खिशात कॅलेंडर असताना.

याच्या उलट किस्सा अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन यांचा. त्यांनी काही जणांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळीत सोडलं. २००७ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला स्वतःचं पडणं इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त वेळ चाललं असं वाटलं. पण पडताना डोळ्यांना काही जास्त वेगाने दिसत नव्हतं, हे मनगटावरच्या यंत्राने दाखवून दिलं. ईगलमन म्हणतात, वेळ मंदावला नव्हता, आठवण दाट झाली होती. म्हणून नंतर ती लांब वाटली.

त्या शनिवारी मी सातारा गाठलं. एरवी घरी गेलो की आईच्या हातचं खायचं आणि मोबाइल घेऊन लोळायचं. या वेळी म्हटलं, ‘बाबा, उद्या पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊ या?’ आमच्या गच्चीवरून रोज दिसणारा किल्ला, पण आम्ही दोघं कधी एकत्र गेलोच नव्हतो. वाटेत बाबा तीनदा बसले. उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. त्यांचे गुडघे इतके दुखतात, हे मला माहीतच नव्हतं. वर बसल्यावर त्यांनी पहिल्या नोकरीतली फजिती सांगितली. तीही मी पहिल्यांदाच ऐकली.

ती सकाळ मला अजून मिनिटामिनिटाने आठवते. ते चार महिने काही अजून सापडलेले नाहीत.

तर बॉस, त्यासाठी विमानातून उडी मारायलाच हवी असं नाही. या वीकेंडला घरच्या कुणाबरोबर तरी आजवर न केलेली एक गोष्ट करून बघा. आमचं ठरलंय, पुढच्या महिन्यात सज्जनगड. बाबांना झेपतील तेवढ्याच पायऱ्या.